‘पोरांच्या डोक्यात काय भरताय?’ : एका पालकांना उत्तर

नमस्कार.

नववीच्या मुलांबरोबर शनिवारी घेतो त्या समाजशास्त्राच्या तासावर मी लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही ‘एक पालक, इंदिरानगर’ या नावाने भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीत. रागाने लिहिलंत, पण लेख पूर्ण वाचून लिहिलंत हे दिसतं, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पोरांना गणित-इंग्रजी धड येत नाही, त्यात जात, मोर्चे, चळवळी कशाला? मुलं मास्तरांचीच मतं पोपटासारखी बोलणार. नाशिकच्या काळाराम मंदिराचा विषय काढून जुन्या जखमा उकरायच्या कशाला? आणि शेवटी, ‘आम्ही 1986 मध्ये धुळ्याहून रिकाम्या हाताने आलो, कष्टाने उभे राहिलो, आम्हाला कुणी समाजशास्त्र शिकवलं नव्हतं.’

पोपटाचं आधी घेतो, कारण ते खरं आहे आणि ते पाप माझ्या हातून झालंय. पहिल्या वर्षी मी मुलांकडून हुंड्यावर पथनाट्य बसवून घेतलं. घोषणा माझ्या, संवाद माझे. टाळ्या भरपूर पडल्या. प्रयोग झाल्यावर नवरदेवाचं काम केलेल्या पोराला सहज विचारलं, तुझ्या ताईच्या लग्नात काय काय दिलं रे? म्हणाला, “गाडी. पण सर, ते वेगळं. ती भेट होती.” पथनाट्य तिथेच बंद केलं.

आता आम्ही विचारतो, मोजतो आणि लिहितो, एवढंच. वहीच्या डाव्या पानावर समोरचा माणूस जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. उजव्या पानावर स्वतःला काय वाटलं ते. डावं पान मी तपासतो, उजव्याला हात लावत नाही.

गेल्या वर्षीचा विषय होता, ‘आपलं घर नाशिकला कसं आलं?’ वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला असलेल्यांची. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मी सांगितलेला, ‘गाव का सोडलं?’ सगळीकडून एकच उत्तर आलं, “असंच. पोटासाठी.” मग एका मुलीने तो बदलून विचारला, “नाशिकला आल्यावर पहिली रात्र कुठे काढली?” आणि माणसं बोलायला लागली. कुणी सीबीएसच्या, म्हणजे एसटी स्टँडच्या बाकड्यावर, कुणी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, धर्मशाळेत. एका आजोबांनी सातपूरच्या मामाच्या खोलीचं सांगितलं: आठ जण आणि चार गाद्या. रात्रपाळीवाले कामावर गेले की दिवसपाळीवाले त्याच गाद्यांवर आडवे व्हायचे. गादी कधी थंड पडली नाही, म्हणाले.

चार घरांत बहात्तरचा दुष्काळ निघाला. एक आजी खडी फोडायला जायची आणि तिथे मिळणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. नातवाला सुकडी ठाऊक नव्हती. रोजगार हमी हा शब्द मात्र पुस्तकात वाचला होता. त्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवावर रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, तिचा कायदा 1977 मध्ये झाला, तशाच हमीचा कायदा 2005 मध्ये देशाने केला, हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. “म्हणजे आमची आजी त्यात होती?”

गणिताची काळजी नको. ‘50 टक्के लोक दुष्काळामुळे आले’ असं एकाने छातीठोकपणे सांगितलं. त्याने विचारलं होतं आठ घरांना, आठही एकाच चाळीतली. यावर वर्गात असं भांडण झालं की मधली सुट्टी बुडाली. नमुना कसा निवडायचा हे मी व्याख्यान देऊन एवढं पटवू शकलो नसतो.

आता जातीचं. विषय मी काढला नव्हता. एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. तिच्या पप्पांना आल्या आल्या तीन ठिकाणी खोली नाकारली होती, आडनाव विचारून. हळूच म्हणाली, “सर, हे लिहू का?” अशा वेळी ‘नको, तू समीकरणं सोडव’ म्हणायचं होतं का? लिही म्हटलं, डाव्या पानावर. पुढच्या शनिवारी तिने आपणहून उजवं पान उघडून समोर ठेवलं. लिहिलं होतं, “आता आमच्या खालच्या खोलीसाठी कुणी आलं की पप्पापण आडनाव विचारतात.”

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार?

काळारामाबद्दल म्हणाल तर पंचवटीतली पोरं रोज त्या मंदिरावरून शाळेत येतात. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. इथली धुरा दादासाहेब गायकवाडांकडे होती. काही वर्षं तो चालला, तरी दरवाजा काही उघडला नाही. 1935 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. मुलांचा प्रश्न असतो, “मग जिंकलं कोण?” क्रिकेट बघून वाढलेली पोरं, निकाल हवाच असतो. त्यावर दोन तास गेले आणि निकाल लागला नाही. जखमेचं म्हणाल, तर ती उकरायची भीती मला वर्गात कुणाच्या चेहऱ्यावर दिसली नाही. कुतूहल दिसलं.

मोर्चात मी कुणालाही नेत नाही, नेणारही नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकरी-आदिवासी मोर्चावर मात्र बोलतो. सुमारे 180 किलोमीटर चाललेली ती माणसं शेवटचा टप्पा रात्रीच चालून आझाद मैदानावर पोहोचली, कारण सकाळी दहावीचा पेपर होता. हे सांगितलं की परीक्षेला बसायच्या वयातल्या मुलांना 2006 चा वनहक्क कायदा काय आहे, पट्टा (कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद) कशाला म्हणतात, हे ऐकावंसं वाटतं. एरवी ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ हा दहावीच्या राज्यशास्त्रातला धडा, टीपा लिहा आणि विसरा. समाजशास्त्र या नावाचा विषय भेटतो तो अकरावीत, तोही आर्ट्सला आणि घेतला तर. सायन्सला जाणाऱ्यांसाठी नववी-दहावी हीच शेवटची गाडी.

राहता राहिले तुमचे कष्ट. त्यांच्याबद्दल ब्र काढणार नाही. पण धुळ्याहून आलात तेव्हा पहिली रात्र कुठे काढलीत? खोली कुणी मिळवून दिली, कंपनीत कुणाच्या ओळखीने लागलात? हे विचारणं म्हणजे कष्ट नाकारणं नव्हे. तुमच्या मुलांना हे माहीत आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

तुमच्या एका वाक्यावर मात्र मी अडलोय. ‘प्रश्न कोणते विचारायचे हे तुम्हीच ठरवता, तिथेच तुमचा कल आला.’ बरोबर आहे. मी पाण्यावर विचारतो, जागेवर विचारतो. कुणाचा धंदा कसा वाढला यावर अजून एकदाही विचारलेलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. जूनमध्ये नवी प्रश्नावली करायची आहे. कच्चा मसुदा आधी तुमच्याकडे पाठवतो. खोडा, वाढवा, आणि धंद्यावरचे चार प्रश्न तुम्हीच घालून द्या.