७६ कोटी गाड्यांचा फॉरवर्ड

दर काही महिन्यांनी ग्रुपवर तोच मेसेज उगवतो: 'जगातली सर्वांत मोठी १५ जहाजं ७६ कोटी गाड्यांइतकं प्रदूषण करतात. समुद्रावर कायदाच नाही. मग पीयूसीची सक्ती आपल्यालाच का?' मी इंजिनरूममध्ये काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे तो मला हमखास येतो. एकदाच लिहून टाकतो.

आधी तो आकडा. तो २००९ मधल्या ब्रिटिश वर्तमानपत्रांतला, आणि फक्त गंधकाच्या ऑक्साइडचा आहे. एक जहाज वर्षाला ५,००० टन, एक गाडी १०१ ग्रॅम. भागाकार केला की जहाजामागे सुमारे पाच कोटी गाड्या येतात. गणित बरोबर आहे, 'प्रदूषण' हा शब्द चूक. तेव्हा जहाजाच्या तेलात ४.५ टक्के गंधक चालायचं, पेट्रोलमध्ये ते नावापुरतंच. अळणी आमटीशी लोणच्याच्या खारटपणाची तुलना केली की लोणचं जिंकणारच. शिवाय १ जानेवारी २०२० पासून जहाजांची मर्यादा ०.५ टक्क्यावर आली आहे.

काही मेसेजांत यात नायट्रोजन ऑक्साइडही घुसडलेलं असतं. करून बघू. 'एम्मा मर्स्क' हे २००६ चं जहाज, इंजिन सुमारे ८०,००० किलोवॉट. त्या काळची मर्यादा किलोवॉट-तासाला १७ ग्रॅम, म्हणजे तासाला १,३६० किलो. वर्षाचे २८० दिवस पूर्ण ताकदीने पळवलं (असं कोणी पळवत नाही) तर ९,१०० टनांच्या आसपास. बीएस-६ डिझेल गाडीला किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅमची मुभा; १५,००० किलोमीटरला १.२ किलो. भागाकार ७६ लाख! आकडा ७६ आला खरा, पण लाखांत. पंधरा जहाजांचे साडेअकरा कोटीही होत नाहीत. जुन्या गाड्या धरल्या तर आणखी कमी, आणि प्रयोगशाळेतला आकडा रस्त्यावर किती खरा ठरतो ते फोक्सवॅगनने २०१५ मध्ये दाखवलंच.

'कायदाच नाही' हे तर सरळ खोटं. जहाजांच्या प्रदूषणावरच्या 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराचं सहावं परिशिष्ट २००५ पासून लागू आहे. १३० किलोवॉटवरच्या जवळपास प्रत्येक डिझेल इंजिनाला, जनरेटरलासुद्धा, नायट्रोजन ऑक्साइडचा दाखला लागतो. तपासणी करणारा सर्व्हेअर टॉर्च घेऊन खाली उतरतो आणि तेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नॉझलवर कोरलेला नंबर इंजिनाच्या टेक्निकल फाइलशी ताडून पाहतो. स्वस्तात मिळाली म्हणून भलतीच नॉझल बसवली असेल तर चीफ इंजिनिअरला घाम फुटतो.

यावर ग्रुपमधलाच एखादा शहाणा म्हणतो, '२०२० ला नवं तेल आलं, प्रश्न मिटला.' तोही चुकतो. गंधक तेलातून येतं; नायट्रोजन ऑक्साइडमधला नायट्रोजन मुख्यतः हवेतला. सिलिंडरमध्ये दीड हजार अंशांच्या वर तो ऑक्सिजनशी जुळतो. मोठी इंजिनं मिनिटाला शंभरेक फेऱ्यांनी चालतात, म्हणजे जुळायला वेळही भरपूर. तेल कितीही स्वच्छ भरा, धुरातलं गंधक धुणारा स्क्रबर लावा, यात फारसा फरक पडत नाही. ज्वलन थोडं उशिरा करून हे घटवता येतं, पण मग तेल जास्त जळतं आणि मालक कुरकुरतो.

खरी तक्रार करायचीच तर नियम कुठे आणि कोणाला लागू होतो, याची करा. मंद इंजिनांसाठी १७ ग्रॅमची मर्यादा २०११ पासूनच्या जहाजांना १४.४ झाली. ३.४ ची कडक मर्यादा मात्र उत्तर अमेरिका, बाल्टिक, उत्तर समुद्र अशा ठरावीक पट्ट्यांतच, आणि तीही नव्या जहाजांना: अमेरिकेकडे २०१६ पासून कील ठेवलेल्या (म्हणजे बांधणी सुरू झालेल्या), बाल्टिक-उत्तर समुद्रात २०२१ पासूनच्या. २०१५ ला कील ठेवलेलं जहाज पंचवीस वर्षं चाललं तरी त्यातून सुटलेलंच. शिवाय धुरात युरिया फवारून नायट्रोजन ऑक्साइड घटवणाऱ्या यंत्रणेला गरम धूर लागतो. बंदराजवळ जहाज हळू झालं की तीच थंडावते.

अरबी समुद्र त्या पट्ट्यांत नाही. न्हावा शेवाला येणाऱ्या जहाजावर युरियाची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी ती यंत्रणा इथे चालवण्याची सक्ती नाही, आणि युरिया फुकट मिळत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलात तर नांगर टाकून उभ्या जहाजांच्या धुरांड्यांकडे बघा. मुख्य इंजिन बंद असतं, जनरेटर चालूच असतात.