तीच गाडी, नवा स्टिकर आणि मी नालायक?

परवा आमच्या मोटरहोमची, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीची, वजनकाट्यावरची पावती हातात आली आणि डोकंच फिरलं. ३५४० किलो. बॉनेटखालच्या प्लेटवर पहिलाच आकडा आहे ३५००, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन. म्हणजे चाळीस किलो जास्त! गाडीत होतं काय, तर आम्ही दोघं, गॅसचा सिलिंडर, मागच्या रॅकवर दोन सायकली, थोडे कपडे-भांडी आणि भरलेली पाण्याची टाकी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. नळ उघडून अर्ध्याहून जास्त टाकी गटारात सोडली, तेव्हा कुठे निघता आलं. पाणी ओतून द्यायला मोटरहोम घेतलं का आम्ही?

डीलर म्हणाला, ३८५० ची प्लेट करून घ्या, या चासीला चालतं. सगळं कागदावरच. टायर तेच, ब्रेक तेच, लांबी-रुंदी तीच, बदलतो फक्त स्टिकर. आणि तो स्टिकर लागला की माझीच गाडी चालवायचा हक्क मला उरत नाही, कारण लायसन्सला प्लेटवरचं कमाल वजन बघतात, गाडी रिकामी असली तरी!

का, तर मी टेस्ट पास झाले १९९८ साली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ च्या आधी जे कारची टेस्ट पास झाले, त्यांना सी१, म्हणजे मध्यम ट्रकचं लायसन्स, आपोआप मिळालं, साडेसात टनांपर्यंत. नंतर पास झालेले आम्ही ३५०० वरच अडकलो. माझे दीर १९९५ मध्ये एका चिमुकल्या हॅचबॅकवर पास झाले. मोटरहोमच्या स्टिअरिंगला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. मी सहा वर्षं स्कॉटलंडच्या एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर, समोरून लॉरी आली की पाठी घेत घेत हीच गाडी चालवतेय. आणि ते म्हणतात, "वहिनी, ३८५० करून घ्या, मी चालवीन की." ते प्रेमानेच म्हणाले, पण मला रडू यायचं बाकी होतं. सत्तरी आली की त्यांनाही सी१ टिकवायला डॉक्टरकडून फॉर्म भरून आणावा लागेल, ते ठीकच आहे. पण तोवर त्यांना कुणी काही विचारणार नाही.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? डिसेंबर २०२१ पासून माझ्याच बी, म्हणजे साध्या कारच्या, लायसन्सवर कारच्या मागे साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. वेगळी टेस्ट नाही. डुलणारा, वळणावर आत शिरणारा, रिव्हर्सला भलतीकडे जाणारा ट्रेलर चालतो, आणि चार चाकांवर नीट उभी असलेली ३८५० ची एक गाडी नाही! विजेवरच्या गाड्यांना बी वर ४२५० पर्यंत मुभा आहे, बॅटरी जड असते म्हणून. मग तेवढंच वजन डिझेलच्या गाडीत असलं की माझे हात कच्चे कसे होतात? युरोपियन संघानेसुद्धा २०२५ मध्ये मोटरहोमसाठी बी ची मर्यादा ४२५० करायचं ठरवलं, वर प्रशिक्षण किंवा टेस्टची अट घालून. तशी अट इथेही घाला, मी आनंदाने देईन टेस्ट. पण माझ्या गाडीची घ्या! आत्ता सी१ हवं तर मेडिकल, प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, थिअरी, हॅझर्ड परसेप्शन म्हणजे रस्त्यावरचे धोके ओळखायची चाचणी आणि मग किमान चार टनांच्या गाडीवर प्रॅक्टिकल, म्हणजे कुणाचा तरी ट्रक भाड्याने घेऊन. सुट्टीत चार दिवस डोंगरात जायला ट्रकवाल्याची परीक्षा!

शुक्रवारी लेक डिस्ट्रिक्टला निघायचंय. सायकली घरी ठेवतोय. टाकी तिथे पोचल्यावर भरू.