साडेअठरा

काल सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन घरी येत होतो, तर मागून हाक आली, "ओ साडेअठरा!" मी वळून बघितलं. तिथंच चुकलो. वळलो नसतो तर नाव दुसऱ्या कुणाला तरी चिकटलं असतं.

माझ्याकडे रिमोटवर चालणारी एक गाडी आहे. खऱ्या गाडीच्या एकदशांश, हातभर लांब. माझं वय 47, म्हणून विचारलं की "मुलाची आहे" असं सांगतो. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि त्याला ह्या गाडीत काडीचा रस नाही. गेल्या आठवड्यात तिची बॅटरीकडची वायर तापून जळाली, ती बदलायला बेळगावात गणपत गल्लीजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. झालं ते इतकंच. पण "इतकंच" म्हणून कुठं भागतंय?

"काय पाहिजे ओ?"

"बारा गेजची सिलिकॉन वायर. एक फूट लाल, एक फूट काळी." (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, सिलिकॉन म्हणजे तिचं मऊ रबरी कव्हर.)

मी हॉटेलात जाऊन अर्धा शेंगदाणा मागितला असता तरी दुकानदारानं ह्यापेक्षा आदरानं बघितलं असतं. "सिलिकॉन म्हणजे बाथरूमच्या फटीत भरतात ते. ते हार्डवेअरला मिळतंय."

आता, दुकान कुठलंही असो, तिथं एक प्लास्टिकचं स्टूल असतं आणि त्यावर एक काका असतात. ते काही विकत घेत नाहीत, काही विकत नाहीत. चहा आला की पहिला कप त्यांना जातो. हे काका उद्यमबागेतल्या कारखान्यात आयुष्यभर मोटारी वाइंड करून निवृत्त झालेले. त्यांनी पेपर खाली ठेवला. (पेपर खाली ठेवला की पळावं, हे मला आता कळतंय.)

"कशाला लागते वायर?"

"गाडीला. खेळण्यातल्या."

"लोड किती?"

आणि मी खरं बोललो. "साठ अँपिअर."

दुकानात एकदम शांतता. वायरची कॉइल उतरवणारा पोऱ्या शिडीवरच थांबला. काकांनी खिशातलं पेन काढलं, एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि मोठ्यानं म्हणत म्हणत हिशोब मांडला. "साठ गुणिले दोनशे तीस. तेरा हजार आठशे वॅट. भागिले सातशे सेहेचाळीस." पेन थांबलं. चष्मा कपाळावर गेला. "साडेअठरा एचपी!"

"काका, 230 नव्हे. गाडीची बॅटरी 7.4 व्होल्टची आहे."

"असूदे की. खरं अँपिअर साठ म्हणालास नव्हं?"

"व्हय, पण..."

"आमच्या शेतावर पाच एचपीची मोटर हाय. ऊस भिजवतोय त्याच्यावर. आणि तुझं पोरगं साडेअठरा एचपीचं खेळणं खेळालंय?"

कौंटरवर गोकाककडचे एक शेतकरी स्टार्टर घ्यायला आले होते. त्यांना मराठीतलं बाकीचं कळलं की नाही माहीत नाही, पण एचपी कळलं. ते माझ्याकडे वळले आणि अत्यंत आदरानं विचारलं, "बोर एष्टु फूट री?"

बोअरवेल किती फूट खोल आहे! मी काय सांगणार? माझी मोटार अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, मुठीत मावते. पण त्या माणसाच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जो आदर होता तो माझ्या घरीही कुणाच्या डोळ्यांत मी बघितलेला नाही, त्यामुळं क्षणभर "सहाशे" म्हणावंसं वाटलं.

खरा हिशोब असा आहे : 60 गुणिले 7.4 म्हणजे 444 वॅट, पाऊण एचपीसुद्धा नाही. आणि 60 हा कंट्रोलरवर, म्हणजे मोटारीला करंट सोडणाऱ्या डबीवर, छापलेला आकडा, मोटार सारखी तेवढं थोडीच ओढते! व्होल्ट कमी म्हणून अँपिअर जास्त, अँपिअर जास्त म्हणून वायर जाड. हे मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझाच आवाज चढला, आणि आवाज चढला की आपल्याकडे माणूस खोटा ठरतो.

मग गेजचं भांडण. काका म्हणाले, "बारा गेज मला शिकवू नको," आणि दुकानातल्या वाइंडिंगच्या तारेची रिळं दाखवली. काकांचं गेज इंग्रजांचं, माझं अमेरिकनांचं. अमेरिकनांचं 12 म्हणजे जवळजवळ इंग्रजांचं 14. दोन्हीकडे आकडा लहान तेवढी तार जाड. आणि दुकानदार ह्या दोघांनाही न मानता फक्त स्क्वेअर एमएममध्ये बोलतो, तिथं आकडा मोठा तेवढी तार जाड. बेळगावात एक वाद 1956 पासून भिजत पडलाय, त्यात आणि हा तिरंगी सामना.

"चार स्क्वेअर घेऊन जावा," दुकानदार म्हणाला. "तुकडा मिळत नाही. कमीत कमी पाच मीटर."

"दोन फूट पाहिजेत ओ."

"मग उरलेली घरात लागंल की."

मला ह्याचा राग आहे, आणि तो गमतीचा नाही. ज्या गावात पंपाच्या मोटारी बनतात तिथं दोन फूट वायर घ्यायला गेलेला माणूस चोर असल्यासारखा उभा राहतो. नव्वद मीटरचं बंडल घेणाऱ्याला खुर्ची, मला पाच मीटरची सक्ती. घेतली. पैसे दिले. मागून काका म्हणाले, "फाउंडेशन बोल्ट घट्ट आवळ, साडेअठरा."

घरी ती वायर काय गाडीत बसेना. घरच्या वायरीत 56 तारा, तीन दशांश मिलिमीटरच्या, वाकवली की सळईसारखी उलटी येते. कव्हर पीव्हीसीचं, सोल्डरिंग लावलं की मागं आक्रसतं आणि घरभर वास. तिनं कंट्रोलरवरचा एक टाका उपटला. गाडीचं वरचं झाकण तर बसेचना. शेवटी ऑनलाइन मागवली. 680 तारा, केसासारख्या, हातात मेलेल्या सापासारखी लोंबते. मोजून लाल एक फूट, काळी एक फूट.

आणि काल हाक मारणारे तेच काका दुधाच्या रांगेपासून माझ्याबरोबर घरी आले. वायर बघितली, टोक सोललं. आत पांढरं. त्यांचा चेहरा फुलला. "ॲल्युमिनियम! फसवलं बघ तुला."

"कल्हई आहे काका, आत तांबं आहे." मी ब्लेडनं एक तार खरडून दाखवली. लाल निघाली. दुसरी खरडली. तीही लाल. काका बराच वेळ बघत राहिले.

"खरं बाकीच्या सहाशे अठ्ठ्याहत्तर तारा कुठं बघितल्यास?"

मग टेबलावरची पक्कड घेतली, लाल वायरचा सहा इंच तुकडा तोडला आणि खिशात घातला. "दुकानात दाखवून येतो."

गाडी टेबलावर आहे. काळी वायर जोडून झाली. लाल बरोबर सहा इंच कमी पडते.