अकरा तासांचा दिवस

पत्नी गेल्यानंतरचा हा माझा दुसरा हिवाळा. डिसेंबर लागला की पहाटे चारला जाग येते आणि सात वाजले तरी अंथरुणातून उठण्याची इच्छा होत नाही. शेजारपाजारचे म्हणतात, "थंडीच आहे, होतं असं." पुण्याला असलेल्या मुलाने फोनवर त्याला ‘विंटर ब्लूज’ (हिवाळ्यातली उदासी) असे नाव दिले, म्हणून मी त्याविषयी वाचून काढले.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतूबरोबर येणाऱ्या आणि ऋतूबरोबर ओसरणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले. दिवस आखूड झाला की शरीरातील झोपेचे घड्याळ विस्कटते असे मानतात, म्हणून अशा रुग्णाला रोज सकाळी दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) दिव्यासमोर अर्धा तास बसवतात. हे सारे मला पटले. मात्र ऑस्लोत डिसेंबरचा दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि आपल्या कोल्हापुरात तो अकरा तासांचा. एवढे ऊन पदरात असताना सूर्याला किती बोल लावायचा?

माझे मत असे झाले आहे की आपल्याकडे दुःख आणि पैशाची विवंचना या दोन्ही गोष्टी थंडीच्या नावावर खपवल्या जातात. माझा दोन एकर ऊस तुरे काढून उभा आहे, वजन रोज घटते आहे, तोडीच्या तारखेसाठी हेलपाटे घालून झाले आणि ऊसतोड टोळीला ‘खुशाली’ (मजुरीवरचे जादा पैसे) किती द्यायची हा हिशेब डोक्यातून जात नाही. ऊस कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांत बिल मिळावे असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण ऊस जाईल तेव्हा, आणि आलेल्या बिलातून सोसायटीचे पीककर्ज आधी वळते होणार. अशा माणसाला "सकारात्मक विचार करा" असे सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. (पाहुण्यांनो, क्षमस्व.)

मला उपयोग झाला तो गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्याचा. मित्राने पहिल्या दिवशी अक्षरशः हाताला धरून नेले. तिथे कोणी सांत्वन करत नाही. धारोष्ण दुधाचा पेला हातात येतो आणि म्हशीपासून तालमीपर्यंत गप्पा चालतात. तिथून रंकाळ्यावर पाऊण तास चालतो. उघड्यावरचा सकाळचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, तेव्हा दिव्याचा खर्चही वाचला. ऊस अजून उभाच आहे, पण झोप थोडी सुधारली.

दोन आठवडे उलटूनही जेवण, झोप आणि कामातील रस परतला नव्हता, तेव्हा मी डॉक्टरांकडेही गेलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. ज्यांना जाणे अवघड वाटते त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतूनही बोलता येते.

उद्या सातला मी कट्ट्यावर आहे. कोणाला एकट्याने निघवत नसेल, तर इथेच कळवा, वाटेत घराखाली येऊन हाक मारीन.