गोड वाइन आणि श्रीखंडाची वाटी

लेट हार्वेस्ट वाइनची, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनची, बाटली टेबलावर ठेवली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "गोड आहे ना? मग श्रीखंडाबरोबर घेऊ!" इथून माझा छळ सुरू होतो. चमचाभर श्रीखंड खाल्लं की जीभ साखरेला निर्ढावते. वर वाइनचा घोट घेतला, तर तिचा गोडवा लागतच नाही. मागे उरतो नुसता आंबटपणा. मग "आंबलीय वाटतं" असा निकाल लागतो आणि शिक्षा बाटलीला होते. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, एवढंच पथ्य आहे. बासुंदी, जिलबी, पुरणपोळी यांच्यासमोर तिचा निभाव लागत नाही.

ही द्राक्षं मुळातच उशिराची. नाशिककडे ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) होते आणि जानेवारी ते मार्च तोडणी. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचे काही घड मात्र मुद्दाम वेलीवरच ठेवतात. उन्हानं मण्यातलं पाणी उडतं, साखर दाटते. तेवढ्या दिवसांत पोपट, बुलबुल, गांधीलमाश्या आणि अवकाळी पाऊस यांना बागेत खुलं आमंत्रण असतं. जे वाचेल त्याची वाइन. यीस्टनं सगळी साखर फस्त करण्याआधी रस थंड करून, गाळून आंबवणं थांबवतात. शेनिन अंगचीच आंबट, म्हणून तिचा पाक होत नाही. वास मधाचा, पिकल्या अननसाचा येतो. जर्मनीतल्या योहानिसबर्गच्या द्राक्षमळ्यात १७७५ साली मालक असलेल्या फुल्डाच्या बिशपकडून तोडणीची परवानगी आणणारा स्वार उशिरा पोचला, द्राक्षं वेलीवरच कुजू लागली, आणि त्यांचीच वाइन अप्रतिम निघाली, असं सांगतात. सरकारी कागद रखडल्यानं कुणाचं भलं झाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण.

तर द्यायचं काय? खारट आणि तुपट. ब्लू चीज, म्हणजे निळ्या बुरशीचं खारट चीज, असेल तर उत्तम. त्याच्या मिठानं वाइन आणखी गोड लागते आणि वाइनच्या गोडीनं चीजचा उग्रपणा मवाळ होतो. ते नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांसाठी खारे काजू. पण माझं मत विचाराल तर अळूवडी. चिंचेचा आंबटपणा, गुळाची चाहूल, तीळ, तळणीचा कुरकुरीतपणा : सगळं या वाइनला मानवतं. गूळ मात्र हात राखून घालावा, नाहीतर पुन्हा श्रीखंडाचीच गत. कोळंबीची भजीही चालतात. तिखट बेताचं असलं तर वाइनची साखर ते आवरते. तांबडा रस्सा मात्र आवरत नाही, कारण अल्कोहोलनं मिरचीची आग वाढते. आणि ताटात चिरलेला कच्चा कांदा आला की सुगंध विसरा.

तापमानाचा ताप वेगळाच. आठ ते दहा अंश सेल्सियस हवं. घरच्या फ्रिजमधून थेट ओतली तर गारठ्यानं वास गप्प बसतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढावी. एप्रिलमध्ये पाच मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ ठेवली की काकवीच. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ. नुसत्या बर्फात फटींतली हवा बाटलीला लागून राहते आणि बाटली कोमटच राहते. फ्रीजरमध्ये टाकून विसरलात तर आतलं पाणी गोठून फुगतं. बूच वर येतं, नाहीतर काच तडकते.

बाटली बहुधा ३७५ मिलीची. माणशी साठ मिली धरली तर सहा जणांना पुरते. "एवढीशीच?" असं म्हणणाऱ्याला आणखी एक अळूवडी वाढावी. ग्लास लहान, तोंडाशी निमुळता. स्टीलच्या पेल्यात ना रंग दिसतो, ना वास साठतो.

उरलीच तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी, आठवडाभर टिकते. दाराच्या कप्प्यात नको, तिथं दर उघडझापीला गरम हवा लागते. शिवाय तिथं लिंबाच्या सरबताची बाटलीही असते. दोन्हींचा रंग जवळपास सारखाच, म्हणून वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवावी. दुपारी उन्हातून आलेल्या पाहुण्यांना सरबत करताना कुणी लेबल वाचत बसत नाही.