फुकट खेळाचे पैसे कोण भरतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'ड्रॅगन बॉल झेड डोक्कन बॅटल' हा मोबाइलवरचा कार्डं जमवण्याचा खेळ पैसे न भरता कसा खेळावा, याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही रागाने, पण मोकळेपणाने लिहिलंत. तुमचं म्हणणं असं, की हा खेळ म्हणजे ॲनिमेचं कातडं पांघरलेला जुगार आहे. यातली कार्डं कुणाच्याच मालकीची नसतात, सर्व्हर बंद झाला की हाती काही उरत नाही. आणि माझ्या फुकटच्या मजेचे पैसे दुसरंच कुणीतरी भरतं, बहुधा स्वतःला आवरू न शकणारा माणूस. शेवटी तुम्ही विचारलंत, की तुमचा बारा वर्षांचा भाचा हाच खेळ खेळतो, त्याला काय सांगू?

जुगाराबद्दलचं तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. तुम्ही ते फारच सौम्यपणे मांडलंत, असंही मी म्हणेन. समजा, हव्या असलेल्या कार्डाचा दर, म्हणजे ते मिळण्याची शक्यता, १ टक्का आहे. शंभरदा समन केलं, म्हणजे नशिबावर कार्ड काढलं, की ते मिळेलच, असं खेळणाऱ्याला वाटतं. हिशेब सांगतो, की शंभरदा काढूनही ते न मिळण्याची शक्यता साधारण ३७ टक्के राहते. तीनशे वेळा काढलं तरी शंभरातले पाच जण त्या कार्डाविना राहतात. त्यातही ते एकदा मिळून भागत नाही. कार्डाची पूर्ण ताकद उघडायची, ज्याला खेळाडू 'रेनबो' म्हणतात, तर त्याच कार्डाच्या आणखी चार प्रती लागतात. म्हणजे १ टक्का दराने सरासरी पाचशे कार्डं काढणं आलं. एकदम दहा कार्डं काढायला ५० ड्रॅगन स्टोन (खेळातलं चलन) लागतात, म्हणजे झाले अडीच हजार स्टोन. डुप्लिकेटची ही व्यवस्था मला या खेळातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. हवं ते कार्ड मिळाल्याचा आनंद ती दुसऱ्या क्षणी अपुरा करून टाकते.

कार्डाची हाव मात्र मोबाइलने जन्माला घातलेली नाही. जपानमध्ये १९७१ साली काल्बी कंपनीने 'कामेन रायडर' या टीव्ही मालिकेचं कार्ड सोबत देणारा खाऊ विकायला काढला, तेव्हा मुलं कार्ड ठेवून घ्यायची आणि खाऊ टाकून द्यायची. त्यावरून तिथे मोठी ओरड झाली. १९८८ मध्ये बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने 'कार्डदास' यंत्रं आणली. वीस येनची नाणी टाकायची, मूठ फिरवायची, एक कार्ड बाहेर येतं. ड्रॅगन बॉलची कार्डं त्या यंत्रांतून अफाट विकली गेली. फरक आहे तो पुढे. यंत्रात भरलेली कार्डं मोजकी असतात. तुम्ही नको असलेलं एक काढलं की ते आतून कमी होतं आणि उरलेल्यांत हव्या त्या कार्डाचं प्रमाण वाढतं. शिवाय खिशातली नाणी संपतात आणि मूल घरी जातं. मोबाइलमधली पेटी कधी रिकामी होत नाही. शंभरावं समन अगदी पहिल्याइतकंच आंधळं असतं, आणि स्टोन विकत घ्यायचं बटण तिथेच असतं. हे दोन्ही थांबे काढून टाकणं ही माझ्या मते या धंद्यातली खरी गोम आहे. चित्रं गोकूची आहेत की आणखी कुणाची, याने त्यात फरक पडत नाही.

जपानच्या सरकारलाही हे दिसलं, पण अर्धवट. ठरावीक कार्डांचा संच पुरा केला तरच मोठं बक्षीस मिळेल, अशा 'कॉम्प्लीट गाचा'वर (गाचा म्हणजे पैसे टाकून नशिबावर वस्तू काढायचा प्रकार) तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२ मध्ये बोट ठेवलं. १९७७ च्या नियमांत 'कार्डांच्या जोड्या जुळवायला लावून' बक्षीस देण्यावर जी बंदी होती, तिच्यातच हा प्रकार बसतो, असं सांगून १ जुलै २०१२ पासून तो बंद पाडला. साधा गाचा मात्र कायदेशीर राहिला. पुढे २०१६ च्या सुरुवातीला 'ग्रॅनब्लू फॅन्टसी' या खेळात एका पात्राच्या दरावरून गदारोळ झाला. त्यानंतर त्या खेळाने तीनशे समननंतर हवं ते पात्र निवडून घेण्याची सोय केली. जपानी खेळाडू तिला 'छत' म्हणतात. २०१७ च्या अखेरीस ॲपलनेही दर जाहीर करणं बंधनकारक केलं. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना सरळ जुगारच ठरवलं. माझं मत बेल्जियमच्या बाजूला झुकतं. निदान छत तरी प्रत्येक खेळात कायद्यानेच असावं.

आता उरलेलं निम्मं, जे मला मान्य नाही. समन हा या खेळाचा दरवाजा आहे आणि तुम्ही दारातूनच परत गेलात. आत जे चालतं ते पत्त्यांच्या डावासारखं आहे: आलेली पानं बदलता येत नाहीत, ती लावायची कशी एवढंच आपल्या हातात. संघात आपली सहा कार्डं आणि दुसऱ्या खेळाडूकडून उसनं घेतलेलं, पाहुण्या लीडरचं सातवं. प्रत्येक फेरीत त्यातली तीन समोर येतात. कोणाला पहिल्या जागेवर ठेवायचं, कोणाला तिसऱ्या, हे आपण ठरवायचं. शत्रू कोणत्या जागी वार करणार ते आधी दिसतं, पण त्या वारांतला सुपर अटॅक कुठला ते सहसा दिसत नाही. म्हणून भक्कम बचावाचं कार्ड जास्त वारांच्या जागी सरकवायचं, तर कधी कधी त्याचा शेजार तुटतो. आणि शेजार मोडून चालत नाही, कारण लिंक, म्हणजे दोन कार्डांना एकमेकांमुळे मिळणारं बळ, फक्त शेजारच्या कार्डांतच जुळते. एखाद्या लिंकने 'की' म्हणजे वार करायची ऊर्जा वाढते, एखादीने अटॅक. सुपर अटॅक मारायला बारा 'की' लागते, एलआर या सर्वांत दुर्मीळ दर्जाच्या कार्डांची 'की' चोवीसपर्यंत चढवता येते. वर कार्डांच्या पाच प्रकारांचं, म्हणजे रंगांचं चक्र: एजीएल एसटीआरवर भारी, एसटीआर पीएचवायवर, पीएचवाय आयएनटीवर, आयएनटी टेकवर आणि टेक पुन्हा एजीएलवर. बचावाचा एकमेव आधार नेमका चुकीच्या रंगाचा असला, की पुढच्या दोन फेऱ्यांचा विचार आत्ताच करावा लागतो.

हा सगळा विचार कधी करावा लागतो? कार्डं कमी असतील तेव्हा. ज्याच्याकडे ताज्या बॅनरवरची (समनसाठी मांडलेल्या नव्या यादीतली) सगळी कार्डं आहेत, तो तीच भरतो आणि लढाई आपोआप संपते. ज्याच्याकडे नाहीत, त्याला इव्हेंटमध्ये खेळून मिळणारं एक फुकट कार्ड हातात घेऊन बघावं लागतं, की याची लिंक कोणाशी जुळेल, याचा सुपर अटॅक शत्रूचा अटॅक उतरवतो का, याला कोणत्या जागी उभं करता येईल. मी पैसे भरत नाही याचं कारण काटकसर नाही, आणि तत्त्वनिष्ठेचा बडेजावही मला करायचा नाही. पैसे भरून उणीव भरून काढली, की मला जो भाग आवडतो तोच संपतो. फुकट खेळणं ही माझ्या लेखी या खेळाची गरिबांसाठीची आवृत्ती नाही. ज्याला डोकं चालवायचं आहे त्याच्यासाठी तीच पूर्ण आवृत्ती आहे. जुनी कार्डं 'एक्स्ट्रीम झेड अवेकनिंग' या ताकद वाढवणाऱ्या सोयीने पुन्हा उभी राहतात, तेव्हा तर वाट बघणाऱ्याचीच चंगळ असते.

मूळ मालिका परत बघा, असा सल्ला तुम्ही दिलात. मी ती बघतोच, आणि या खेळामुळे जास्त बारकाईने बघतो. अकिरा तोरियामा यांनी १९८४ ते १९९५ अशी सुमारे साडेदहा वर्षं ही चित्रकथा काढली, तिचे ४२ खंड झाले. एवढ्या पसाऱ्यात बाजूची माणसं विसरायला होतात. खेळातल्या लिंक त्या माणसांच्या नात्यांवरून बनतात. 'टर्टल स्कूल' लिंक कोणाकोणाकडे असेल हे ओळखायचं, तर म्हाताऱ्या रोशीपाशी कोण कोण शिकलं ते आठवावं लागतं. कोण कोणाच्या शेजारी उभं राहून लढलं, हे ज्याला माहीत आहे त्याचा संघ चांगला जुळतो. वेजिटाची शेपूट शेवटी याजिरोबेने कापली, गोकूने नाही, असल्या गोष्टींना इथे किंमत आहे.

मालकीबद्दल तुम्ही अगदी बरोबर आहात, आणि मी त्यात भरच घालतो. जपानमध्ये विकत घेतलेले स्टोन आणि फुकट मिळालेले स्टोन यांचा हिशेब वेगळा ठेवतात. खेळ बंद झाला तर विकत घेतलेल्या आणि न वापरलेल्या स्टोनचे पैसे परत करावे लागतात. काढून झालेल्या कार्डांचे काहीच मिळत नाही, माझ्यासारख्याच्या स्टोनचेही नाही. 'लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल फेस्टिव्हल' हा कार्डं जमवण्याचाच खेळ २०१३ पासून चालला आणि मार्च २०२३ च्या अखेरीस बंद झाला. त्याचा दुसरा भाग आला. त्याची जागतिक आवृत्ती कधी येणार हे २०२४ मध्ये जाहीर झालं, तेच मुळी ती मे अखेर बंद होणार हे सांगत. दहा वर्षं जमवलेलं कुणाचं काय झालं, हे विचारायला नको. म्हणून तर मी म्हणतो, की यात साठा म्हणून काही बघू नये. मी जिंकलेली अवघड लढाई माझी आहे, कारण ती मी लढलो. कार्ड माझं नाही, आणि जे माझं नाही त्यासाठी मी पैसे देत नाही.

आता तो तिसरा आक्षेप. तुमच्या प्रतिक्रियेतलं हेच वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. खेळ पैसे भरणाऱ्यांवर चालतो, न भरणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि भरणाऱ्यांतही थोडे लोक फार भरतात. मी नुसता फायदा घेणारा आहे, एवढ्यावरही हे थांबत नाही. माझ्यासारखे लाखो जण आहेत म्हणून फ्रेंड लीडरची, म्हणजे त्या पाहुण्या कार्डांची, यादी भरलेली दिसते, क्रमवारीच्या स्पर्धेत खाली उभं राहायला माणसं असतात, आणि वर जाणाऱ्याला वर गेल्यासारखं वाटतं. फुकट्यांची गर्दी हा त्या दुकानाच्या मांडणीचा भाग आहे. हे मी नाकारत नाही.

यावर 'पैसे भरणारे सज्ञान आहेत, त्यांचं ते बघतील' असं उत्तर सर्रास दिलं जातं. मला ते पटत नाही. दर लिहून ठेवला म्हणजे माणूस सावध होतो असं नाही. नव्याण्णव वेळा हरलेल्याला शंभरावी वेळ जवळ आल्यासारखीच वाटते. मग मी खेळ सोडावा का? मी सोडल्याने त्या माणसाचं एक येनही वाचणार नाही. माझ्या लिहिण्याने मात्र वाचू शकतं, किंवा जाऊ शकतं. म्हणून माझे काही नेम आहेत. चांगलं समन झालं तरी त्याचा स्क्रीनशॉट मी कधी टाकत नाही, कारण जिंकलेल्यांचीच चित्रं दिसत राहिली की हरलेल्याला आपलंच नशीब खोटं वाटतं. नव्या बॅनरबद्दल लिहिलं तर दर आणि डुप्लिकेटचा हिशेब पहिल्या परिच्छेदात असतो. आणि संघ सांगताना एखादं दुर्मीळ कार्ड नसेल तर त्या जागी कोणतं फुकट कार्ड चालेल, हे सांगितल्याशिवाय मी लेख संपवत नाही. एवढ्याने पाप फिटतं, असा माझा दावा नाही. पण हा खेळ पैशांशिवाय पूर्ण होतो, हे एखाद्याला वेळेवर कळलं, तर ते मी गप्प बसण्यापेक्षा उपयोगाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

भाच्याचं सांगतो. खेळ काढून घेऊ नका. मात्र त्याच्या फोनवरची खरेदी आजच पासवर्डने बंद करा आणि तो पासवर्ड त्याला देऊ नका. जपानमध्ये पालकांच्या संमतीविना अल्पवयीन मुलाने केलेला करार रद्द करता येतो, तरी तिथेही ही भांडणं सोपी नसतात. पैसे जाण्याआधीच अडवलेले बरे. त्याने स्टोन साठवले असतील तर समन करण्यापूर्वी त्या बॅनरचा दर त्याला तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा, आणि शंभरदा काढून न मिळण्याची शक्यता किती, ते दोघांनी मिळून कागदावर काढा: ०.९९ ला ०.९९ ने गुणत जायचं. बाराव्या वर्षी हे गणित जमतं. मग त्याला एखादी अवघड लढाई लावायला सांगा आणि शेजारी बसून विचारा, की हे कार्ड पहिल्या जागी का ठेवलंस. त्याने कारण सांगितलं, तर तो खेळतो आहे. 'हे दुर्मीळ आहे म्हणून' एवढंच म्हणाला, तर फुकट कार्डांचा एक संघ त्याच्याबरोबर बसून बांधा. कोणती कार्डं त्याच्याकडे आहेत ते मला कळवा, मी लिंक जुळवून देतो.