विषय कोड ४०: ‘गणित सोडा’ या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की जुळे सोलापुरातल्या माझ्या नेट कॅफेत एक मेसेज हमखास पोचतो. पालक मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, “मालक, हे खरं आहे का बघा की.” शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. थोडक्यात असा: अकरावीला गणित घेऊ नका. इंजिनिअरिंगलाही सरकारने गणिताची अट काढून टाकली आहे. डॉक्टर, फार्मसी, ॲग्रीला गणित लागतच नाही. कॉमर्सला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घ्या, सीए तरीही होता येतं. गणिताऐवजी भूगोल घेतला की टक्के चढतात. आणि पुढेमागे गणित लागलंच, तर तेव्हा बघता येतं.

मी शिक्षक नाही. अकरावीचे, सीईटीचे, कॅप राऊंडचे (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे) फॉर्म भरून देतो आणि झेरॉक्स काढतो. गणित मेंदूला कसं चांगलं असतं वगैरे मला सांगता येणार नाही. फॉर्म कुठे अडतो, एवढं मात्र माहीत आहे. या मेसेजची अडचण अशी की तो सगळाच्या सगळा खोटा नाही. सगळा खोटा असता तर कुणी पुढे ढकललाच नसता.

“इंजिनिअरिंगला गणिताची अट राहिली नाही.”

याचं मूळ २०२१ च्या मार्चमध्ये आहे. एआयसीटीई ही देशातल्या तांत्रिक शिक्षणाची परिषद. तिच्या त्या वेळच्या हँडबुकात बी.ई.-बी.टेक.साठी १४ विषयांची यादी आली आणि त्यातले कोणतेही तीन चालतील, असं छापून आलं. यादीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स होतेच, शिवाय बायोलॉजी, शेती, अगदी बिझनेस स्टडीजसुद्धा. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळे आणि मग गदारोळ. तेव्हाचे अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे यांनी खुलासा केला की विद्यापीठांवर हे बंधनकारक नाही. मथळा लोकांच्या लक्षात राहिला. खुलासा कोण वाचतंय?

आपल्याकडे काय होतं ते बघा. महाराष्ट्रात बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं म्हणजे एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप, नाहीतर जेईई मेन. दोन्हीकडे गणित आहे. सीईटीत तर फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न, एकेका गुणाचे. गणिताचेही प्रश्न ५०च, पण प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, आणि त्यासाठी ९० मिनिटं वेगळी. बहुतेक प्रश्न बारावीच्या पुस्तकावर. पात्रतेची अट उद्या कुणी खरोखर पुसली, तरी ते १०० गुण कुठून आणणार?

मागे एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडिलांचे सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे माग. नीटमध्ये सरकारी मेडिकलपर्यंत पोचण्याइतके गुण नव्हते, आणि खासगीची फी त्यांनी मोबाइलवरच बघून फोन खिशात ठेवला होता. म्हणाले, “वालचंद इन्स्टिट्यूटला कॉम्प्युटर टाका की मालक. सायन्सच झालंय तिचं.” मी बारावीची मार्कलिस्ट मागितली. बोर्डाच्या मार्कलिस्टवर विषयाच्या आधी कोड असतो. ५४ फिजिक्स, ५५ केमिस्ट्री, ५६ बायोलॉजी, ३९ भूगोल. ४० कुठेच नाही. ४० म्हणजे गणित. सीईटी तिने दिली होती, पण पीसीबी ग्रुपची, म्हणजे मॅथ्सच्या जागी बायोलॉजी. वडील त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या लेखी ‘सायन्स’ हा एकच विषय होता. दोष त्यांना कसा देणार? अकरावीला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, मेसेज मात्र आला होता.

“डॉक्टर, फार्मसी, ॲग्रीला गणित लागत नाही.”

एमबीबीएसला लागत नाही, शंभर टक्के खरं. नीटच्या ७२० गुणांत गणिताचा पेपर नाही, आणि ज्या पोराला बायोलॉजीशिवाय दुसरं काही सुचतच नाही त्याने गणित जरूर सोडावं. फिजिक्सच्या गणितांत लॉग आणि डेरिव्हेटिव्ह येतात, तेवढे त्याला शिकावेच लागतील, पण ते जमतं.

फार्मसीचं तसं नाही. बी.फार्म.ला पीसीबीवर प्रवेश मिळतो, इथवर मेसेज बरोबर. पण पहिल्या सेमिस्टरला फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ असतो, खास बारावीला गणित नसलेल्यांसाठी. गणितवाल्यांना त्या जागी ‘रेमेडियल बायोलॉजी’. आणि हे रेमेडियल म्हणजे बेरीज-वजाबाकी नव्हे. मॅट्रिक्स, कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन आणि शेवटी लाप्लास ट्रान्सफॉर्म. दोन वर्षांत शिकायचं ते एका सेमिस्टरमध्ये! बी.एस्सी. ॲग्रीलाही बायोलॉजीवरून आलेल्यांना आधीच्या अभ्यासक्रमात प्राथमिक गणिताचा विषय असायचा.

पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचं नाव इथे थोड्यांनाच माहीत असतं, पण विचारणारे येतात. तिथे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी यांतले तीन चालतात. प्रवेश परीक्षेत मात्र चारही विषयांचे सारखेच, प्रत्येकी १५ प्रश्न.

नीटची तयारी करणाऱ्या, पण दहावीच्या गणितात बरे गुण असलेल्या पोरांना मी एकच सांगतो: भूगोलाऐवजी गणित ठेवा, पीसीएमबी करा. सीईटीचे दोन्ही ग्रुप देता येतात. ओझं वाढतं, नाकारत नाही. क्लासवाले नको म्हणतात, कारण त्यांना नीटचा निकाल फलकावर लावायचा असतो.

“कॉमर्सला एसपी घ्या, सीए तरीही होता येतं.”

होता येतं. बी.कॉम., बीबीए, लॉ कशालाच गणित अडवत नाही. पण सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर उघडून बघा: १०० गुणांचा, त्यात ४० गुणांचं बिझनेस मॅथेमॅटिक्स, ४० गुणांची स्टॅटिस्टिक्स, उरलेलं लॉजिकल रीझनिंग. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. एसपीवाला हा पेपर पास होतोच, पण दोन वर्षं टाळलेलं चार महिन्यांत क्लास लावून शिकतो. आणि ज्यांना इकॉनॉमिक्स करायचंय त्यांनी आधीच ऐकावं: दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. सोलापूरची पोरं दिल्लीला जात नाहीत म्हणता? सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांबद्दलही एके काळी हेच म्हणायचे.

“भूगोल घेतला की टक्के चढतात.”

चढतात. पण इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये मेरिट सीईटीवर लागतं. बारावीचं काम तिथे पात्रतेपुरतं, म्हणजे लागणाऱ्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०. फार्मसीचंही मेरिट सीईटीवरच. वाढलेल्या टक्क्यांचे पेढे मात्र वाटता येतात.

मेसेजमध्ये एनडीएचं, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचं, नाव नाही, पण आमच्याकडे वर्दीसाठी विचारणारे कमी नाहीत, आणि २०२१ पासून मुलीही विचारतात. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतात. आर्मी विंगला कुठल्याही शाखेची बारावी चालते, म्हणून आर्ट्सची पोरं खुशीत फॉर्म भरायला येतात. लेखी परीक्षेतले ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत, हे ऐकल्यावर मग काउंटरवर शांतता.

“लागलंच तर पुढे बघता येतं.”

येतं, पण फुकट येत नाही. डिप्लोमाचं दार दहावीनंतर उघडतं, तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि त्यासाठी बारावीचं गणित कुणी विचारत नाही. ही वाट चांगली आहे, मी स्वतः कितीतरी जणांना दाखवली. पण डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरला बेसिक मॅथेमॅटिक्स आणि दुसऱ्याला अप्लाइड मॅथेमॅटिक्स तिथेही आहेच. शिवाय बारावी करून मग डिप्लोमाकडे वळलं तर वर्षं जातात ती जातातच. बोर्डाचीही सोय आहे. पास झालेल्या विद्यार्थ्याला ‘तुरळक विषय’ म्हणून एकटं गणित देता येतं, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही एखादा विषय करता येतो. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असेल, पण त्या वर्षाचं काय? सगळ्या मैत्रिणी कॉलेजला गेलेल्या असताना घरात बसून एकट्याने बारावीचं इंटिग्रेशन सोडवायचं, हे त्या मेसेजमध्ये बसत नाही.

त्या मागवाल्यांच्या मुलीने हा पर्याय ऐकला आणि नको म्हणाली. फार्मसी घेतली, आता बरी शिकते आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा दुकानात आली, सीनियरकडून आणलेल्या वहीची झेरॉक्स हवी होती. मी पानं लावता लावता वर नाव वाचलं: रेमेडियल मॅथेमॅटिक्स. चाळीसेक पानं होती. “बॅक टू बॅक काढा काका,” ती म्हणाली, “आणि शेवटची लाप्लासची पानं जरा डार्क काढा, तिथलं काहीच दिसत नाही.”